सिस्टरांचा डावा डोळा

तिरळ्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलांना घेऊन आलेली माणसं थिएटरच्या दारात सिस्टरांना बघायची आणि क्षणभर गप्प व्हायची. टोपी आणि मास्क यांच्यामध्ये माणसाचे डोळेच काय ते दिसतात, आणि सिस्टरांचा डावा डोळा सरळ नाकाकडे वळलेला होता. काही आया नजर दुसरीकडे वळवायच्या. एखादी धीट आई मात्र तोंडावर विचारायची, इथंच नोकरीला आहात तर तुम्ही का नाही करून घेतलं? सिस्टर मुलाचा हात हातात घेत म्हणायच्या, "मी टेबलावर आडवी झाले, तर डॉक्टरांच्या हातात हत्यारं कोण देणार?" आई हसायची, मूल आत जायचं. सव्वीस वर्षं हे एकच उत्तर चाललं, आणि कुणाला ते खोटंही वाटलं नाही.

खरं उत्तर असं होतं की सिस्टरांनी कधी विचारलंच नव्हतं, आणि ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी कधी विषय काढला नव्हता.

लहानपणी वडील म्हणायचे, पोरगी मोठी झाली की डोळा आपोआप सरळ होईल. घरातल्या सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला. शाळेत मुलं चकणी म्हणून हाक मारायची आणि ती हाकेला ओ द्यायची, कारण न दिली तर ती मुलं अजून मोठ्यानं ओरडायची. अकराव्या वर्षी शाळेत डोळे तपासायला एक डॉक्टर आले. त्यांनी तिचा चांगला डोळा हातानं झाकला आणि समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचायला सांगितलं. तिला तक्ताच दिसला नाही. डोळा धडधाकट होता, पण वाकडा असल्यामुळे मेंदूनं त्याच्याकडून काम घेणंच सोडून दिलं होतं. डॉक्टर वहीत काहीतरी लिहीत बाईंना म्हणाले, "उशीर झाला." हे दोन शब्द तिच्या कानात कायमचे राहिले. पुढे नर्स झाल्यावर, मुलाला घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईबापाला त्या एवढं एकच निक्षून सांगायच्या की आपोआप काही होत नाही, आज आलात तर आजच दाखवून जा.

नर्सिंगचं शिक्षण संपल्यावर मेट्रननी त्यांना डोळ्यांच्या विभागात पाठवलं. ही थट्टा आहे की काय, असं बरोबरीच्या मुलींना वाटलं. सिस्टरांनाही वाटलं. पण पहिल्याच महिन्यात त्या मोठ्या डॉक्टरांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या, आणि तिथून हलल्याच नाहीत.

मोठे डॉक्टर उंच, किडकिडीत आणि अबोल. तिरळेपणाच्या ऑपरेशनसाठी लांबलांबून लोक त्यांचं नाव काढत यायचे. काम सांगायला सोपं होतं. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात, घोड्याच्या लगामासारखे. एक लगाम जास्त ओढत असेल तर तो डोळ्याच्या गोळ्यापासून सोडवायचा आणि थोडा मागे नेऊन शिवायचा. दुसरा ढिला असेल तर त्याचा तुकडा कापून तो आखूड करायचा. किती मागे आणि किती आखूड, हे मिलिमीटरमध्ये ठरायचं. भिंतीवरच्या पांढऱ्या फळीवर उजवा डोळा, डावा डोळा, स्नायूचं नाव आणि आकडा लिहिलेला असायचा. सिस्टर प्रत्येक काप घेण्याआधी तो आकडा दोनदा मोठ्यानं वाचायच्या. मग हूक द्यायचा, केसाहून बारीक दोऱ्याची सुई द्यायची, कात्री द्यायची, माप घ्यायला कॅलिपर द्यायचा. डॉक्टरांना मागावं लागायचं नाही. ते हात पुढे करायचे आणि हवं ते हातात आलेलं असायचं.

भूल देणारे डॉक्टर पलीकडे स्टुलावर बसून मशीनचे ठोके ऐकायचे. डोळ्याचा स्नायू ओढला की हृदयाचे ठोके मंदावतात, असं शरीराचं विचित्र नातं आहे. ठोके फार मंदावले की ते म्हणायचे, "सोडा जरा," आणि मोठे डॉक्टर हूक ढिला करून थांबायचे. ठोके पुन्हा लयीत आले की काम पुढे.

घरी सिस्टरांचे यजमान लेथ मशीनवर लोखंड कातणारे टर्नर होते. त्यांच्याही खिशात कॅलिपर असायचा. संध्याकाळी चहा घेताना दोघांच्या मापांच्या गप्पा चालायच्या. एकदा सिस्टर म्हणाल्या, आज डॉक्टरांनी अर्ध्या मिलिमीटरसाठी टाका उसवून पुन्हा घातला. यजमान म्हणाले, "अर्धा मिलिमीटर? आमच्याकडे त्यात अख्खा माल भंगारात जातो. तुमचे डॉक्टर हाताला ढिलेच म्हणायचे." सिस्टर आठवडाभर हे आठवून हसत होत्या. डॉक्टरांना सांगायची मात्र हिंमत झाली नाही.

लग्नाच्या वेळी यजमानांनी डोळ्याबद्दल काही विचारलं नव्हतं. पुढे एकदा सिस्टरांनीच विषय काढला तेव्हा ते म्हणाले, तुझं लक्ष माझ्याकडे आहे की नाही हे मला आवाजावरून कळतं. तेवढ्यावर तो विषय मिटला. एक मुलगी झाली. तिचे डोळे सरळ आहेत की नाहीत, हे सिस्टर पहिली दोन वर्षं रोज टॉर्च मारून बघत होत्या.

अशी सव्वीस वर्षं गेली. शेवटच्या वर्षात सिस्टरांना एक गोष्ट दिसू लागली आणि ती दिसली नसती तर बरं, असं त्यांना वाटू लागलं. मोठे डॉक्टर सुई दोनदा पकडायला लागले होते. पूर्वी सुईधारक त्यांच्या हातात दिला की सुई एका फटक्यात जागेवर जायची. आता ती टेकायची, थांबायची, पुन्हा उचलली जायची. हात पेशंटच्या कपाळावर टेकवल्याशिवाय ते टाका घालत नव्हते. दिवा हलवा, म्हणायचे. दिवा होता तिथंच असायचा. सिस्टर तो बोटभर इकडे करायच्या, बोटभर तिकडे करायच्या. सिस्टरांशिवाय हे कुणाला कळलं नाही, कारण त्या हाताच्या इतक्या जवळ दुसरं कुणी उभंच नसायचं. यजमानांनासुद्धा त्या बोलल्या नाहीत. काही गोष्टी तोंडातून बाहेर पडल्या की खऱ्या होतात, अशी भीती त्यांना वाटत होती.

मग एके दिवशी ऑपरेशनला एक मुलगी आली. सात वर्षांची, दोन्ही डोळे आत वळलेले. हातात चिंध्यांचा ससा होता आणि त्याच्या डोळ्यावर तिनं स्वतःच्या डोळ्यावर असायची तशीच पट्टी चिकटवली होती. तिची आई शिवणकाम करायची. तिनं सिस्टरांना काही विचारलं नाही, फक्त मुलीला त्यांच्या हातात देताना दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

फळीवर लिहिलं होतं, दोन्ही आतले स्नायू, साडेपाच मागे. डावा डोळा व्यवस्थित झाला. उजव्या डोळ्याला डॉक्टरांनी स्नायूखाली हूक घातला आणि कापल्यावर स्नायू निसटू नये म्हणून आधीच टाका घ्यायला सुई लावली. सिस्टर बघत होत्या. सुई स्नायूच्या मांसात जायला हवी होती. ती वरच्या पातळ आवरणातूनच निघाली, असं त्यांना वाटलं. पुढे कित्येक दिवस त्या स्वतःला विचारत राहिल्या की वाटलं की दिसलं. तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली आणि डॉक्टरांनी हात पुढे केला. सिस्टरांनी कात्री दिली.

कात्री चालली, आणि स्नायू गेला.

दोऱ्याला पांढरा पातळ पापुद्रा तेवढा लटकत राहिला. आतला स्नायू ताणलेल्या रबरासारखा सुटून डोळ्याच्या मागे, खोबणीच्या अंधारात शिरला होता. या ऑपरेशनमध्ये सगळ्यात भीती असते ती याचीच. नाही सापडला, तर ज्या डोळ्याला सरळ करायला आणलं तो बाहेर वळतो आणि आत यायचं नावच घेत नाही. घाईघाईनं चिमटे घालून शोधायला जावं, तर चरबी फाटते, रक्त येतं, आणि मग दिसायचं तेही दिसत नाही.

मोठ्या डॉक्टरांचा चिमटा हवेत थांबला. त्याचं टोक थरथरत होतं. आता ते भूलवाल्या डॉक्टरांनाही दिसलं. सिस्टरांनी दिवा खाली ओढला, डोळ्याच्या कोपऱ्यात नेमका पाडला, आणि मागण्याआधीच ट्रेमधल्या दोन पसरट पोलादी पट्ट्या उचलून बाजूच्या ऊती हलकेच दूर धरल्या. "सर, खोदायचं नको," त्या हळूच म्हणाल्या. "आवरणाच्या कडेनं मागे जाऊ या." ही गोष्ट त्यांना डॉक्टरांनीच शिकवली होती, वीस वर्षांपूर्वी, अशाच एका स्नायूच्या वेळी.

डॉक्टरांनी एक श्वास घेतला आणि मागे मागे जात राहिले. गुलाबी काहीतरी दिसलं. चिमट्यात धरलं. ती चरबी होती. पुन्हा थोडं मागे. पुन्हा काहीतरी हाती आलं, फिकट, बारीक. हा स्नायू की नुसताच पडदा, हे डोळ्यांनी ठरवता येईना. डॉक्टरांनी ते हलकेच ओढलं.

पलीकडे मशीनचे ठोके मंदावले. एकशे दहावरून नव्वद, ऐंशी, सत्तर. एरवी भूलवाले डॉक्टर "सोडा" म्हणाले असते. आज ते स्टुलावरून उठून उभे राहिले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तोच आहे. धरून ठेवा."

सिस्टरांनी सुई पुढे केली. डॉक्टरांनी ती घेतली नाही. त्यांनी मान वळवून दुसऱ्या टेबलाकडे पाहिलं, जिथं त्यांची विद्यार्थिनी, धाकट्या डॉक्टरीणबाई, हात धुऊन पुढच्या पेशंटची वाट बघत होत्या. "इकडे या," ते म्हणाले. "मी धरतो, टाका तुम्ही घ्या." टाका खोल, मांसातून गेला. साडेपाच मोजले, शिवले. मुलगी वॉर्डात गेली तेव्हा सिस्टरांच्या गाऊनची पाठ घामानं चिंब झाली होती.

मुलीच्या आईला काय सांगायचं, हा प्रश्न होता. सांगितलं नसतं तरी तिला कधी कळलं नसतं. मोठे डॉक्टर स्वतः बाहेर गेले, तिच्या शेजारी बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. स्नायू हातातून सुटला होता, तो सापडला, टाका दुसऱ्या डॉक्टरांनी घातला, पुढचे काही महिने लक्ष ठेवावं लागेल. ती बाई ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली की तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. सहा आठवड्यांनी मुलगी आली तेव्हा दोन्ही डोळे सरळ होते. पण ते पुढचं झालं.

त्या दिवशी घरी गेल्यावर सिस्टरांनी यजमानांना पहिल्यांदा सगळं सांगितलं. माझ्या डोळ्यांदेखत सुई वरून गेली आणि मी कात्री दिली, हे सांगताना त्यांचा आवाज फाटला. कारखान्यात हाताची सफाई गेलेले कारागीर यजमानांनीही पाहिले होते. ते म्हणाले, "हे तुलाच सांगावं लागणार. दुसरं कोण सांगणार त्यांना?"

दोन दिवस सिस्टरांनी शब्द जुळवले आणि मोडले. तिसऱ्या दिवशी यादी संपल्यावर, हत्यारं धुवायला गेली तेव्हा, त्या डॉक्टरांच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, एक बोलायचं होतं."

"बोला."

"त्या मुलीच्या वेळी टाका वरून गेला, हे मी पाहिलं होतं. मी बोलले नाही. ती माझी चूक."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि?"

"आणि तुमचा हात आता पूर्वीचा राहिला नाही, सर. वर्ष झालं. मी बघते आहे."

डॉक्टरांनी आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, जा तुम्ही. सिस्टर निघून आल्या.

अकरा दिवस डॉक्टर त्यांच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. ऑपरेशनची यादी लागायची आणि तिच्यावर डॉक्टरांचं नाव असायचं. पण प्रत्यक्ष टेबलाशी धाकट्या डॉक्टरीणबाईच येऊन उभ्या राहायच्या. विचारलं तर म्हणायच्या, सरांना मीटिंग आहे. बाराव्या दिवशी यादीवरचं नाव बदललं. मोठे डॉक्टर यापुढे फक्त बाह्यरुग्ण विभागात पेशंट तपासतील, असा कागद नोटीसबोर्डावर लागला. खाली त्यांची सही होती. ती जराशी वाकडी आली होती, आणि सिस्टरांनी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

पंधरवड्यानं त्यांनी सिस्टरांना तपासणीच्या खोलीत बोलावलं. खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. सव्वीस वर्षांत मी तुमचा डोळा तपासला नाही. विचारायला हवं होतं. सोय होती म्हणून विचारलं नाही."

त्यांनी टॉर्च मारला, डोळे झाकून-उघडून पाहिले, काचेचा तिकोनी लोलक डोळ्यापुढे धरून वाकडेपणा मोजला. सरळ केल्यावर दोन-दोन दिसणार नाहीत ना, तेही बघितलं. नजर आता परत येणार नाही, ते दोघांनाही ठाऊक होतं. डोळा फक्त जागेवर येईल. आतला स्नायू पाच मागे, बाहेरचा सात आखूड, असं त्यांनी कागदावर लिहिलं. मग कागदाकडेच बघत म्हणाले, "एक ऑपरेशन मी करू शकेन अजून. तुमचं. नीट आराम घेऊन, सकाळचं पहिलं."

या माणसाच्या हातून आपला डोळा सरळ व्हावा, हे सिस्टरांनी किती वर्षं मनात धरलं होतं ते त्यांना त्या क्षणी कळलं. आणि आता ते विचारत होते. हो म्हटलं असतं, तर त्यांच्या दारात उभं राहून आपण जे बोललो ते आपणच पुसून टाकल्यासारखं झालं असतं.

"नको, सर," त्या म्हणाल्या. "धाकट्या मॅडम करतील."

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "बरोबर आहे." आणि मग, "मी आत उभा राहिलो तर चालेल?"

ऑपरेशन एका मंगळवारी झालं. मोठ्या माणसांना डोळ्यापुरतं बधिर करून भागतं, म्हणून सिस्टर जाग्या होत्या. तोंडावर हिरवं कापड, वर दिव्याचा अंधुक उजेड. हत्यारं द्यायला नवी मुलगी होती. सिस्टरांना नुसत्या आवाजावरून कळत होतं की तिनं ट्रे उलटा लावला आहे. शेवटी त्यांना राहवलं नाही आणि कापडाखालून आवाज आला, "अगं, कॅलिपर उजवीकडे ठेव, हात आडवा जातोय." धाकट्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, आज तुम्ही पेशंट आहात." थिएटरमध्ये सगळे हसले. मग फळीवरचं कुणीतरी वाचलं. डावा डोळा, आतला स्नायू, पाच मागे. मोठे डॉक्टर वाचत होते. आकडा त्यांनी दोनदा उच्चारला, जसा सिस्टर उच्चारायच्या तसा. कापडाखाली सिस्टरांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

आतल्या स्नायूची गाठ मुद्दाम सरकती ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढून, बधिर करणारे थेंब घालून, त्यांना खुर्चीत बसवलं. टॉर्चचा ठिपका दोन्ही बुबुळांत सारखा पडायला हवा होता. डावीकडे तो थोडा चुकला. डोळा अजून जरासा आत होता. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं गाठ ढिली करून स्नायू केसभर मागे जाऊ दिला. दुखलं नाही, पण डोळ्यामागे खोल कुठंतरी ओढल्यासारखं झालं. पुन्हा टॉर्च. आता ठिपका मधोमध होता. गाठ पक्की केली, दोरा कापला. दाराशी उभे असलेले यजमान पुढे आले आणि वाकून पाहू लागले. मग सरळ झाले आणि खिशातला रुमाल शोधू लागले.

"किती राहिला?" सिस्टरांनी विचारलं.

"माल पास," ते म्हणाले. पण आवाज काही नेहमीचा नव्हता.

सिस्टरांना वाटलं होतं की आनंद होईल. पहिले काही दिवस उलटंच झालं. आरशात सरळ बघणारी ती बाई कोण, असं त्यांना व्हायचं, आणि एका दुपारी त्या आरशासमोर बसून खूप रडल्या. एवढंसं काम, पाऊण तासाचं, आणि त्यासाठी आपण अठ्ठेचाळीस वर्षांच्या झालो. यजमान आत आले, बाजूला बसले. लेक भेटायला आली तेव्हा म्हणाली, आई, तू माझ्याकडेच बघते आहेस असं वाटतंय आणि मला उगाच भीती वाटतेय. तेव्हा त्या हसल्या.

महिन्याभरानं त्या कामावर गेल्या. मोठे डॉक्टर पुढे दोन वर्षं सकाळी बाह्यरुग्ण विभागात बसत होते. हातांचा आजार वाढला तसे येईनासे झाले. शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ नको म्हणाले. सिस्टर त्यांना गाडीपर्यंत पोहोचवायला गेल्या. गाडीत बसताना डॉक्टरांचा हात दाराच्या कडीवर ठरेना, तेव्हा सिस्टरांनी दार उघडून धरलं आणि ते आत बसल्यावर नीट लावलं. मग त्या वर आल्या. यादीत अजून तीन मुलं बाकी होती. पहिल्या मुलाची आई दारात वाट बघत उभी होती, आणि सिस्टर हात धुवायला गेल्या.